मतदाराला दुसरी पसंतीही विचारा

2019 च्या लोकसभा निवडणुकीत नांदेडमध्ये भाजपचे प्रताप पाटील चिखलीकर यांनी काँग्रेसच्या अशोक चव्हाणांचा सुमारे 40 हजार मतांनी पराभव केला. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला तिथे दीड लाखाहून अधिक मते पडली. ‘वंचितने मते खाल्ली’ असा निष्कर्ष लगेच काढला गेला. पण वंचित रिंगणात नसती, तर हे मतदार काँग्रेसकडे वळले असते, भाजपकडे गेले असते की घरीच थांबले असते? ठामपणे सांगता येत नाही, कारण त्यांना ते कोणी विचारलेच नाही. आपल्याकडे मतदाराने एकच बटण दाबायचे आणि सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी ठरायचा. निम्म्या मतांची अट नाही. त्यामुळे विजेत्याला किती जणांचा पाठिंबा आहे यापेक्षा विरोधातली मते किती वाटांनी फुटली, यावर अनेकदा जागेचा निकाल लागतो. हा लाभ कोणा एका पक्षाची मक्तेदारी नाही. ब्रिटनमध्ये हीच पद्धत आहे आणि 2024 मध्ये तिथे मजूर पक्षाला सुमारे 34 टक्के मतांवर 650 पैकी 411 जागा मिळाल्या.

यावरचा उपाय आपल्याच घरात वापरात आहे. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मतदाराला जांभळ्या शाईचा पेन देतात. आवडत्या उमेदवारासमोर 1 लिहायचा आणि हवे असल्यास पुढचे पसंतीक्रमही नोंदवायचे. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील, तर सर्वात मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीच्या उमेदवारांकडे जातात. राष्ट्रपतीही असेच निवडले जातात. 1969 मध्ये व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीच्या मतांत आघाडीवर होते, पण कोटा गाठू शकले नव्हते; पुढच्या पसंतीची मते मोजल्यावर ते विजयी झाले. राष्ट्रपतिपदासाठी जी कसोटी आवश्यक मानली, ती खासदाराला का नको?

यावर दोन भारदस्त आक्षेप आहेत. 4 जानेवारी 1949 रोजी संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. निरक्षर मतदाराला ती पद्धत झेपणार नाही आणि सभागृहाचे लहान लहान गटांत तुकडे पडून सरकार अस्थिर होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळी ही भीती रास्त होती. मात्र एका जागेसाठी पसंतीक्रम लावणे म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्व नव्हे. मतदारसंघ तेच राहतात, खासदारही एकच राहतो. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक 1918 पासून या पद्धतीने होते आणि तिथे बहुतेक वेळा एका पक्षाला किंवा आघाडीला स्पष्ट बहुमत मिळत आले आहे. साक्षरतेचा मुद्दा मात्र आजही झटकून टाकता येत नाही. पदवीधरांच्याही हजारो मतपत्रिका बाद ठरतात. म्हणून दुसरी पसंती ऐच्छिक हवी, म्हणजे एकच बटण दाबणाऱ्याचे मत आजच्याइतकेच वैध राहील. चिन्हांसमोरची बटणे पसंतीच्या क्रमाने दाबता येतील असे यंत्र तयार केले, तर आकडा लिहिण्याचीही गरज उरणार नाही.

शिवाय यासाठी घटनादुरुस्ती लागणार नाही. अनुच्छेद 81 मध्ये मतदारसंघांतून प्रत्यक्ष निवडणूक एवढेच सांगितले आहे. मोजणी कशी करायची हे कायदा आणि नियमांवर सोपवलेले आहे. आज छोट्या पक्षाच्या मतदारावर ‘तुझ्यामुळे अमका पडला’ असा ठपका ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तो मन मारून नावडत्याला मत देतो. नागरिकाला स्वतःच्या पसंतीची अशी भीती वाटावी, ही लोकशाहीतली गंभीर उणीव आहे. संसदेने ती दूर करावी. आणि आपला उमेदवार निवडून येण्याइतकीच तो कोणत्या मोजणीने निवडून येतो याची चौकशी मतदारांनीही करावी.