पान सुकलं तरी चालेल

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १ ते ३



आज एक कबुली द्यायची आहे. बाबा गेल्यानंतर चार महिने मी पंधरावा अध्याय म्हटलाच नाही. ते रोज जेवणाआधी म्हणायचे, त्यामुळे पहिला श्लोक ओठांवर आला की मला राग यायचा. इथे मात्र रोज लिहीत होते. प्रसन्न, हिरवंगार. तुम्ही 'छान' म्हणायचात आणि मला लाज वाटायची. याला दांभिकपणाच म्हणायचं ना?

त्याच दिवसांत, ऑक्टोबरमध्ये, मावसबहिणीकडे अमेरिकेत कॅन्ससला गेले होते. तिथल्या फ्लिंट हिल्समध्ये प्रेअरी, म्हणजे उंच गवताचं मूळचं माळरान, अजून शिल्लक आहे. डोक्याएवढं 'बिग ब्लूस्टेम' गवत तांबूस होऊन सुकत चाललेलं. मी म्हटलं, "मेलं की गं सगळं." ताई म्हणाली, "मेलं नाही, खाली गेलंय."

खरंच तसं असतं. थंडी जवळ आली की हे गवत पानांतला नायट्रोजन काढून मुळांत आणि जमिनीखालच्या खोडांत नेऊन ठेवतं. अन्नाचा साठाही तिथेच होतो. मुळं दोन-तीन मीटर खोल जातात. वसंतात नवा कोंब येतो तो याच शिदोरीवर, पान कमावतं होईपर्यंत. दरवर्षी काही जुनी मुळं मरतात, कुजतात आणि त्यांचीच काळी माती होते. पण पान रिकामं व्हायच्या आधीच गवत कापलं, तर पुढचा कोंब अशक्त येतो.

गीतेतला उलटा अश्वत्थ संसाराचा आहे, तो वैराग्याने कापायचा आहे. हे गवत म्हणजे तो वृक्ष नव्हे. पण दोन्हीकडे नजर पानावरून मुळाकडे न्यावी लागते. मी पानातच अडकले होते. दुःखात सुकणं यात पाप नव्हतं. तुम्हाला दाखवायला पान हिरवं ठेवलं आणि खाली काहीच जाऊ दिलं नाही, ते चुकलं.

मग साधना सोडली तरी चालते का? नाही. सुकलेलं गवत आणि मेलेलं गवत वरून सारखंच दिसतं. फरक कळतो तो वसंतात, आणि तोही आधी साठवलेलं असेल तरच. माझ्याकडे बाबांनी लहानपणापासून कानावर घातलेले वीस श्लोक होते.

गेल्या सोमवारी ताटावर बसून पहिला श्लोक म्हटला. गळा दाटून आला, पुढे जाता आलं नाही. तेवढ्यावरच जेवले.

यापुढे मन कोरडं असेल तेव्हा इथे तसंच लिहीन, नाहीतर गप्प बसेन. तुमचं मन आज हिरवं असेल, तर थोडं खाली जाऊ द्या. कोणाला न दाखवता.

राम कृष्ण हरी 🙏