मुक्कामाचे देणे

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपल्याकडे काहीशा हिणवण्याच्या सुरात म्हटले जाते. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात मात्र हे बिऱ्हाड अभिमानाने मिरवले जाते. १९१९ साली टॅम्पा शहरात मोटारींतून आलेल्या प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना स्थापन केली. आजही कॅनडा आणि उत्तरेकडील राज्यांतील निवृत्त माणसे बर्फ चुकविण्यासाठी तेथे उतरतात. लोक त्यांना ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी, म्हणतात. त्यांच्यापैकी कित्येकांचा मुक्काम ट्रेलर पार्कात असतो. तेथे पत्र्याचे घर बहुधा स्वतःचे असते आणि खालची जमीन भाड्याची. वर्षातील चार-पाच महिने जेथे काढायचे, त्या जागेचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न आम्हांस या वसाहतींच्या निमित्ताने पडतो.

भाडे भरले की देणे फिटले, हे उत्तर सोपे आहे. पण ते अपुरे आहे. अटलांटिकच्या किनाऱ्यावरील ब्रायनी ब्रीझेस ही ट्रेलर वसाहत १९६३ पासून स्वतंत्र नगर म्हणून नोंदलेली आहे. तेथील जमिनीची मालकी रहिवाशांनीच समभागांच्या रूपाने वाटून घेतली आहे. एका विकसकाने ५१ कोटी डॉलर्स देऊ केले आणि २००७ च्या जानेवारीत रहिवाशांनी बहुमताने विक्रीस संमती दिली. पुढे जुलैत तो व्यवहार फिसकटला आणि वसाहत टिकली. संमती देणाऱ्यांना आम्ही लोभी म्हणणार नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यापुढे एवढी रक्कम आली तर त्याने ती का नाकारावी? परंतु ज्यांना तेथेच डोळे मिटायचे होते, त्यांच्या घराचा निकाल शेजाऱ्यांच्या मतांनी लागावा काय? किंमत बहुमताने ठरू शकते. घराविषयी तसे म्हणण्यास आमचे मन धजत नाही.

निदान तेथे मत तरी होते. भाड्याच्या जागेवर मालकाने जमीन विकली की रहिवाशाला घर उचलावे लागते. आणि ‘मोबाईल होम’ हे नाव असले तरी जुने घर हलविताना मोडते, हलविण्याचा खर्चही गरिबाच्या आवाक्याबाहेरचा असतो. हिमपक्ष्याला उत्तरेत दुसरे छप्पर असते. बारमाही राहणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याला नसते. एकाच घडणीच्या दोन घरांतला हा भेद बाहेरून दिसत नाही. एप्रिलमध्ये हिमपक्षी किल्ली त्याच शेजाऱ्याच्या हाती ठेवून निघतो आणि जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वादळांचा मोसम असतो. १९९२ च्या ऑगस्टमधील अँड्र्यू आणि २०२२ च्या सप्टेंबरमधील इयन ही दोन्ही चक्रीवादळे अशाच काळात आली.

याच हिवाळ्यात काही जण एव्हरग्लेड्सच्या खाड्यांत कॅनू घेऊन जातात. एव्हरग्लेड्स सिटी ते फ्लमिंगो हा खारफुटीतून जाणारा ९९ मैलांचा जलमार्ग आहे. कोरडी भूमी क्वचितच लाभते, म्हणून पाण्यावर उभारलेल्या ‘चिकी’ नावाच्या लाकडी मचाणांवर रात्र काढावी लागते. त्यासाठी आधी परवाना हवा. गोडे पाणी मिळत नाही. ते माणशी दिवसाला एक गॅलन बरोबर न्यावे लागते, आणि केलेला कचरा परत आणावा लागतो. ओहोटी उलटी लागली की होडीतल्या प्रत्येक वस्तूचे वजन हातांना कळते. गरज आणि हौस यांतला फरक येथे वल्हे शिकवते. पण माग न ठेवणे म्हणजे ऋण फेडणे काय?

या पाण्यांत आणखी एक हिवाळी पाहुणा असतो, तो म्हणजे मॅनेटी हा संथ, शाकाहारी जलचर. २० अंश सेल्सिअसखालच्या पाण्यात तो फार काळ तगत नाही; म्हणून थंडीत उष्ण झऱ्यांकडे आणि वीजकेंद्रांतून सुटणाऱ्या कोमट पाण्याकडे येतो. २०२१ साली फ्लॉरिडात सुमारे अकराशे मॅनेटी मेले. त्यांतले पुष्कळ इंडियन रिव्हर लगूनमध्ये उपासमारीने गेले. सांडपाणी, मैल्याच्या टाक्या आणि खते यांमुळे शेवाळ माजले, तळाशी उजेड पोहोचेना आणि समुद्रगवत मेले. त्या प्राण्यांवर कोणी काठी उगारली नव्हती. माणसे तेथे फक्त राहत होती. कोणी बारा महिने, कोणी चार. त्या हिवाळ्यात वन्यजीव अधिकाऱ्यांनी एका वीजकेंद्राजवळ लेट्यूसचे गड्डे पाण्यात टाकले आणि भुकेले मॅनेटी ते खाण्यासाठी जमू लागले.