एका नावाच्या दोन नौका

वैनगंगेवर पवनी तालुक्यात जो अफाट जलाशय आहे, त्याचं सरकारी नाव इंदिरासागर. मध्य प्रदेशात, खंडवा जिल्ह्यात नर्मदेवरही इंदिरासागरच. तरी भंडाऱ्यात घोटाळा होत नाही, कारण इथं ते नाव कुणी घेतच नाही; गोसीखुर्द म्हणतात, नाहीतर नुसतं गोसे. जमिनीवर आपण थोरांची नावं सढळ हातानं वाटतो आणि मग ती पाटीपुरती उरतात.

समुद्रापासून इतक्या दूर बसून मला नौदलाचा हात आखडता वाटतो, आणि तेच आवडतं. तिथं जुनी नौका गेल्याशिवाय तिचं नाव नवीला मिळत नाही. पहिली ‘विक्रांत’ 1997 मध्ये निवृत्त झाली; दुसरी आली 2022 मध्ये. मधली पंचवीस वर्षं नाव रिकामं.

‘खुकरी’चं प्रकरण याहून अवघड. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनं ती बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्लांसह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. अकाली गेलेल्या माणसाचं नाव बाळाला ठेवायला आपल्याकडे घरं कचरतात. नौदल कचरलं नाही. 1989 मध्ये नवी ‘खुकरी’ आली आणि बत्तीस वर्षं चालली. तिकडे पाकिस्ताननंही चीनकडून घेतलेल्या नव्या पाणबुड्यांच्या वर्गाला ‘हंगोर’ हेच नाव दिलं. म्हणजे नावं मागच्या लढाईचा हिशेबही पुढे नेतात, हेही कबूल केलं पाहिजे.

तटरक्षक दलाची गोष्ट मात्र वेगळी. 1978 मध्ये दल रीतसर उभं राहिलं, तेव्हा त्याची मोठी जहाजं म्हणजे नौदलानं दिलेल्या दोन जुन्या फ्रिगेट, ‘कुठार’ आणि ‘कृपाण’. जहाज तेच, नाव तेच, फक्त दल बदललं. पुढे 1990 मध्ये नौदलानं दोन्ही नावं परत घेऊन नव्या कॉर्व्हेटना दिली. त्यातली ‘कृपाण’ 2023 मध्ये व्हिएतनामला भेट गेली. नाव पुन्हा मोकळं झालं. या खेपेला ते तटरक्षक दलाला, कोऱ्या जहाजासकट मिळावं, असं मला वाटतं. मागच्या वेळी त्यांच्या वाट्याला उतरलेलं जहाज आलं होतं.