दिवाबत्तीचा खर्च

दिलेले दान मध्ये कोणाचाही हात न लागता अखंड गरजूच्या पदरी पडावे, अशी एक भाबडी श्रद्धा आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. आणि म्हणूनच एखाद्या सेवाभावी संस्थेच्या जमाखर्चात कारकुनाचा पगार, कचेरीचे भाडे, प्रवासभत्ता अशा रकमा दिसल्या की सज्जन दात्याच्याही कपाळाला आठी पडते. रुपयातले जे चार आणे व्यवस्थेत खर्ची पडले, त्यांचे पुण्य आपल्याला लाभले की नाही, हा त्याच्या मनातला खरा प्रश्न असतो. प्रश्न हिशेबाचा दिसतो, पण आहे धर्माचा.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र यांची अट घातलेली आहे. आता, पात्र कोण हे घरबसल्या कसे कळावे? त्यासाठी कोणीतरी उन्हातान्हात हिंडले पाहिजे, चौकशी केली पाहिजे, खऱ्याखोट्याची शहानिशा केली पाहिजे. आणि हे करणाऱ्यालाही पोट आहे. तेव्हा दानाला सात्त्विकता देणारा जो विवेक, त्याचीच मजुरी ताळेबंदात ‘प्रशासकीय खर्च’ या रुक्ष नावाने नोंदली जाते, असे मला वाटते.

जालना तालुक्यातील कडवंचीचे उदाहरण घ्यावे. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने आणि त्याच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून या अवर्षणग्रस्त गावात काम उभे केले, आणि आज ते गाव शेततळ्यांसाठी व द्राक्षबागांसाठी ओळखले जाते. पाहुण्याला बांध दिसतो, तळे दिसते, द्राक्षाचा घड दिसतो. परंतु अशा कामात बांधाच्या आधी जे घडावे लागते, म्हणजे शिवारफेरी, गटनंबरवार मोजणी, उताराचे नकाशे, आणि आपल्याच शेतातून बांध का, म्हणून अडून बसलेल्या भाऊबंदांची रात्री उशिरापर्यंत चालणारी समजूत, ते कोणत्याही छायाचित्रात येत नाही. बांधाला पैसे देण्यास दाता मिळतो. समजूत घालणाऱ्याच्या पगाराला मिळत नाही. मातीपेक्षा माणसाचे मन वळवणे स्वस्त असते, अशी आपली समजूत का व्हावी?

याच जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम. भिक्षेच्या निमित्ताने गावोगावची लहानथोर माणसे पारखून घ्यावीत, असे दासबोधात सांगणाऱ्या या पुरुषाला दान गोळा करणे आणि समाज जाणणे ही दोन कामे वेगळी वाटली नाहीत. पुढे समर्थांच्या चाफळच्या देवस्थानाला 1678 मध्ये शिवछत्रपतींची सनद मिळाली. जुन्या इनामांच्या दप्तरात दिवाबत्ती, नैवेद्य, झाडलोट, पुजाऱ्याची नेमणूक हे सारे धर्मादायच समजले जाई. दिव्याचे तेल पुण्यकारक आणि दिवा लावणाऱ्याची भाकरी मात्र फाजील, असा भेद त्या कारकुनांना सुचला नाही.

आजच्या कायद्याला तो सुचला आहे. परदेशी देणग्यांतून प्रशासनावर निम्म्यापर्यंत खर्च करता येई, ती मर्यादा 2020 मध्ये 20 टक्क्यांवर आली. कंपनी कायद्याखालील सामाजिक दायित्वाच्या निधीला 5 टक्क्यांची मर्यादा आहे. ती वस्तुतः कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चापुरती असली, तरी लोखंड आणि बियाण्यांच्या या जालन्यातील संस्थाचालकानेही दात्यासमोर बसताना तीच कसोटी आपल्याला लागणार हे धरून चालावे.

अर्थात या मर्यादा निष्कारण जन्मलेल्या नाहीत. देवाच्या नावाने इनाम खाणारे वहिवाटदार आपण पाहिलेले आहेत. 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. परंतु टक्केवारी हे चोर पकडण्याचे साधन नव्हे. लबाड मनुष्य आपली मोटार ‘क्षेत्रभेटी’च्या खात्यात सुखाने बसवतो, आणि प्रामाणिक मनुष्य हिशेबनीस ठेवण्याचे टाळून रात्री स्वतः किर्द लिहीत बसतो. गांधीजींचा मार्ग मला अधिक पटतो: सार्वजनिक संस्थेने कायमच्या ठेवीवर निर्धास्त राहू नये, दरसाल लोकांपुढे झोळी घेऊन जावे, आणि हिशेब पैन् पै चोख ठेवावा. मात्र लोकांपुढे म्हणजे केवळ दात्यांपुढे नव्हे. कडवंचीसारख्या गावाच्या ग्रामसभेत पगाराच्या रकमेसकट सारा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा. कोण किती वेळा गावात आला आणि कोणी नुसत्या सह्या केल्या, हे तिथल्या माणसांना सनदी लेखापालापेक्षा पक्के ठाऊक असते.