शितावरून भात की भातावरून शीत?

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपले वाडवडील सांगून गेले. हंडीतील एक शीत बोटांत दाबून पाहिले की साऱ्या हंडीचा निवाडा होतो. भाताच्या बाबतीत हा न्याय बिनचूक आहे. कारण हंडीतील सारी शिते एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेली असतात. रसायनशास्त्राला मात्र दीर्घकाळ उलट वाटेने जावे लागले. त्याच्या हाती हंडी होती, शीत कधीच नव्हते. अठरा ग्रॅम पाण्यात, म्हणजे जेमतेम तीन-चार चमचे पाण्यात, रेणूंची संख्या सहावर तेवीस शून्ये मांडावीत इतकी असते. शास्त्रज्ञ जे मोजत, ते या अफाट समुदायाचे सरासरी वर्तन. आणि त्यावरून एकेका रेणूचा स्वभाव ठरवीत. १९५२ साली एर्विन श्रोडिंगर या थोर शास्त्रज्ञाने लिहिले होते, की एकट्या कणावर प्रयोग करणे हे नामशेष झालेले प्राचीन सागरी सरडे प्राणिसंग्रहालयात वाढविण्याइतकेच अशक्य आहे.

ही अशक्य गोष्ट पुढे घडली. १९८९ साली कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. ई. मर्नर आणि लोथार काडोर यांनी प्रकाशाच्या साहाय्याने एका रेणूचे अस्तित्व टिपले. एका स्फटिकात पेन्टासीन नावाच्या द्रव्याचा अत्यल्प अंश मिसळून त्यांनी तो द्रवरूप हेलियमच्या थंडीत, उणे २७० अंश सेल्सियसच्या आसपास, ठेवला. त्या थंडीत रेणूंची चळवळ निमाली. स्फटिकात प्रत्येक रेणूचा शेजार किंचित निराळा असतो. त्यामुळे प्रत्येक जण किंचित निराळ्या रंगाचा प्रकाश शोषून घेतो. लेसरचा रंग अगदी बारीक फरकाने बदलत नेल्यावर गर्दीच्या कडेला उभा असलेला एकच रेणू उत्तर देऊ लागला. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल ओरी आणि जाकी बेर्नार यांनी तशाच एकट्या रेणूतून बाहेर पडणारा प्रकाश पकडला. एकाला पाहावयाचे तर आधी गोंगाट शमवावा लागतो, हे या प्रयोगांचे मर्म होय.

एकेकाला पाहू लागल्यावर सरासरीने काय काय झाकून ठेवले होते, ते उघड होऊ लागले. तेजाळणारा रेणू अखंड तेवत नाही; तो मिणमिणतो, मध्येच विझतो, पुन्हा उजळतो. शंभर दिव्यांपैकी पन्नास पेटलेले व पन्नास विझलेले असतील, तर सरासरी सांगेल की प्रत्येक दिवा अर्ध्या तेजाने जळत आहे. वास्तविक अर्ध्या तेजाचा एकही दिवा तेथे नसतो. १९९८ साली सनी शिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, सुटे रेणू काम करताना न्याहाळले. एकाच जातीचे ते रेणू. पण प्रत्येकाच्या कामाची गती निराळी, आणि तीही वेळोवेळी बदलणारी!

या विद्येने व्यवहारात मोठी फळे दिली. साध्या सूक्ष्मदर्शकाला मिलिमीटरच्या सुमारे पाच-हजाराव्या भागापेक्षा बारीक गोष्टी वेगळ्या करून दाखविता येत नाहीत. २००६ साली एरिक बेटझिग यांनी एका वेळी मोजकेच रेणू उजळून, प्रत्येकाची जागा निश्चित करून, अशी असंख्य चित्रे एकावर एक रचली आणि पेशीचे अंतरंग त्याहूनही बारकाईने दाखविले. या कार्यासाठी बेटझिग, मर्नर आणि श्टेफान हेल यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात इबोलाची साथ चालू असताना, मुठीत मावणाऱ्या यंत्राच्या सूक्ष्म छिद्रांतून डीएनएचा एकेक धागा ओढून त्या विषाणूची जनुकीय लिपी तेथल्या तेथे वाचली गेली. अमेरिकेतील डेव्हिड वॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये रक्तातील प्रथिनांचे रेणू अतिसूक्ष्म खळग्यांत एकेकटे कोंडून, उजळलेले खळगे मोजण्याची रीत दाखविली. मेंदूतील बिघाडाची चाहूल देणारी, रक्तात अगदी नगण्य प्रमाणात असणारी प्रथिने आज अशा रीतीने मोजता येतात.

हे वाचताना आम्हांला, धर्मगुरूच्या सवयीने, तत्काळ एक प्रवचन सुचले. लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे मागे ठेवून एकाच्या शोधात निघतो. विज्ञानानेही आता एकाचा शोध घेतला, तेव्हा विज्ञान शुभवर्तमानाची साक्ष देत आहे, असे सांगून आम्ही मोकळे झालो असतो. परंतु असे प्रवचन खरे ठरले नसते.

याचे कारण असे. शास्त्रज्ञाला हा रेणू हवा असतो असे नाही. त्याला एक रेणू हवा असतो. तो निसटला तर शेजारचा चालतो. सेमिनरीत आम्ही बोएथियसची व्याख्या शिकलो होतो, की व्यक्ती म्हणजे विवेकशील स्वभावाचे एकमेव अस्तित्व. धन्य डन्स स्कोटस त्याही पुढे गेला. प्रत्येक वस्तूत तिचे असे एक ‘हेच-पण’ असते, जे कोणत्याही गुणांच्या यादीत मावत नाही, असे त्याने प्रतिपादिले. उपकरणे दाखवितात तो गुणांतला फरक. माणसाचे मोल मात्र फरकावर अवलंबून नाही. तसे असते, तर इतरांसारखा दिसणारा, इतरांसारखा वागणारा, कशातच उठून न दिसणारा मनुष्य कमी मोलाचा ठरला असता. हरवलेले मेंढरू कळपातले सर्वांत धष्टपुष्ट होते, असे लूक कोठेही म्हणत नाही. ते हरवले होते, एवढेच तो सांगतो.

मग सरासरी ही असत्य समजावी काय? तसेही म्हणता येत नाही. लसीकरण, शिधावाटप, शाळांची आखणी ही सारी कामे आकड्यांवाचून होणार नाहीत. हजारो लोकांचा धर्मग्राम सांभाळणाऱ्यालाही आकडे लागतात. अपराध घडतो तो आकडा व्यक्तीच्या जागी बसविला जातो तेव्हा. सर्व लोकांसाठी एकाने मरणे हिताचे आहे, असा हिशेब योहानच्या शुभवर्तमानात कयफाने मांडला होता. त्याच्या बेरजेत चूक नव्हती. त्या एकाकडे त्याने पाहिले मात्र नव्हते.

हे लिहिताना आमच्याच हिशेबवहीची आठवण आम्हांला स्वस्थ बसू देत नाही. दरवर्षी बिशपभवनाला अहवाल पाठवावा लागतो: बाप्तिस्मे किती, विवाह किती, रविवारच्या मिस्सेला उपस्थिती किती. एका वर्षी आमची उपस्थिती वाढली होती आणि आम्ही समाधानाने सही केली. त्याच वर्षी बाजूच्या दाराजवळील बाकावर बसणारे एक वृद्ध विधुर गृहस्थ यावयाचे थांबले होते. त्यांच्या जागेवर एक नवे कुटुंब बसू लागले. त्यामुळे बाक कधी रिकामे दिसले नाही. अंत्यसमयीच्या संस्कारासाठी बोलावणे आले तेव्हा, सात महिन्यांनी, आम्ही त्यांच्या घरी गेलो. सूनबाई तक्रारीचा सूर न लावता म्हणाल्या, “फादर, बाबा दर रविवारी घंटा ऐकून कपडे करून खुर्चीवर बसायचे. जिना उतरता येत नव्हता ना!” आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद देण्याची आमची यादी होती, पण ज्यांनी मागितले त्यांचीच नावे तीत होती. त्यांनी मागितले नव्हते.

तथापि पाहणे हेच पुरेसे नाही, असा इशाराही या विज्ञानातून मिळतो. लेसरखाली धरलेला तेजस्वी रेणू काही काळ प्रकाश देतो आणि मग बहुधा कायमचा विझतो. पाहणाऱ्याला जे कळते, त्याची किंमत पाहिला जाणारा मोजतो. रेणूचे यात काही बिघडत नाही, माणसाचे बिघडते. विस्मरणाची लक्षणे दिसण्याच्या कित्येक वर्षे आधीच मेंदूत बदल सुरू झालेले असतात, आणि त्यांची चाहूल रक्ताच्या थेंबात लागू शकते. पण अल्झायमरचा आजार पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. कालपर्यंत घरचा कर्ता असलेला माणूस अहवालाच्या कागदानंतर घरात भावी रुग्ण म्हणून वावरू लागतो. त्याचे बोलणे, त्याची साधी विसराळू चूकही तपासली जाऊ लागते. म्हणून चाचणी करू नये, असे आम्ही म्हणत नाही. वेळीच कळल्याने घराची घडी बसविता येते, उपचारांचा शोधही पुढे सरकतो. परंतु चाचणी त्याच्या खुशीने व्हावी, आणि कागद हाती पडल्यानंतर त्याच्याजवळ बसणारे कोणी आहे काय, हे आधी विचारले जावे. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूवर मौनाचे जे बंधन आहे, त्याचा हेतू हाच आहे. ज्याचे अंतरंग आपल्याला दिसले, त्याचे रक्षण करण्याचे ऋण आपल्यावर येते.

मेंढपाळ हरवलेले मेंढरू सापडल्याची नोंद करून परतत नाही. ते खांद्यावर घेऊन येतो. वाट तो चालतो, ओझे तो वाहतो. एकाला शोधणे आणि एकावर प्रीती करणे यांतील अंतर एवढेच आहे, आणि ते कोणतेही यंत्र कापू शकणार नाही. हे काम आपल्याला पायांनीच करावे लागणार आहे.

आमच्या धर्मग्रामातील आजाऱ्यांची यादी आता मागणीवरून होत नाही. प्रत्येक आळीतील दोन माणसे घरोघर जाऊन ती करतात. पहिल्याच फेरीत अकरा नवी नावे आली. त्यांतील चार घरे चर्चच्या कंपाउंडला लागून होती.