शिफारस कोणासाठी?

"अलीकडे काय वाचलेत? काय ऐकलेत?" असे कुणी विचारले की आपण सुखावतो. आपल्या आवडीला काही किंमत आहे, असे वाटते. पण या साध्या प्रश्नाला आपण खरे उत्तर देतो का, हा सवाल गेल्या दिवाळीपासून माझा पिच्छा सोडत नाही.

त्या सुट्टीत दोन गोष्टींनी मला मनापासून आनंद दिला. एक, उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची जुनी ध्वनिमुद्रणे. दुसरी, हमीद दलवाई यांची १९६५ साली प्रसिद्ध झालेली 'इंधन' ही कादंबरी. ती मी पुन्हा एकदा वाचून काढली.

खाँसाहेबांची शिफारस मी भेटेल त्याला केली. उत्तरेतल्या कैरान्याचा हा गवई मिरजेत स्थिरावला. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, मराठी नाट्यपदेही गायली. १९३७ साली ते गेले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. उरुसात गवई आजही तिथे हजेरी लावतात. हे सांगताना माझा ऊर भरून येतो आणि ऐकणाऱ्यालाही बरे वाटते.

'इंधन'चे मात्र मी नाव काढले नाही. एका जुन्या सहशिक्षकांनी विचारले, "मुस्लिम जीवनावरचे चांगले मराठी पुस्तक सुचवा." ओठांवर 'इंधन' आले होते. पण त्यात कोकणातल्या एका गावातला आपला समाज त्याच्या मानपानासकट, वासनांसकट उभा आहे आणि शेवटी गाव दंग्यात होरपळते. घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला धुवायची, असा विचार करून मी एक गुळगुळीत पुस्तक सुचवले. आठवड्याने भाचीने तेच विचारले. तिलाही मी दुसरेच पुस्तक दिले. दलवाईंचे नाव निघाले की आपल्या बैठकीत अजूनही दोन तट पडतात. 'मामूने पोरीच्या हातात हे दिले!' असे कुणी म्हणू नये, एवढीच काळजी.

भाचीनेच कपाटातून 'इंधन' काढले. चाळता चाळता म्हणाली, "मामू, यात पानोपानी तुमच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. मग मला हे का नाही सांगितलंत?"

मला उत्तर देता आले नाही. ऐकणाऱ्याचा विचार करून शिफारस करणे वावगे नाही. पाहुण्याला तिखट सोसत नसेल तर आपण सालन बेताचे करतोच. पण मी खरोखर पाहुण्याचा विचार केला होता का? सरांना सत्य पचणार नाही, हे मीच परस्पर ठरवले. भाचीला स्वतःची अक्कल आहे, हे मी विसरलो. दोन्ही वेळा जपली ती माझीच अब्रू. खाँसाहेबांच्या शिफारशीला कौतुकाखेरीज काही मोजावे लागत नव्हते, म्हणून ती सोपी होती.

कुणी विश्वासाने आपल्याला विचारतो, तेव्हा तो विश्वास अमानत असतो. तिथे न सांगणेही कधी कधी खोटे बोलण्यासारखेच ठरते. समाजाची बाजू राखण्यासाठी चांगले पुस्तक दडवायचे, म्हणजे समाज सत्य पेलू शकत नाही असे आपणच कबूल करायचे. याहून मोठी बदनामी कोणती?

भाचीने ते दोन रात्रीत वाचले आणि तिसऱ्या दिवशी भांडायलाच आली. शेवट तिला अजिबात पटला नव्हता. तासभर वाद झाला, चहा दोनदा झाला. इतक्या वर्षांत आमचे इतके मोकळे बोलणे झाले नव्हते. मग सरांच्या घरी जाऊन मी त्यांनाही ते पुस्तक दिले आणि आधी का टाळले, तेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आमच्याकडचीही अशी काही पुस्तके मी तुम्हाला कधी सुचवली नाहीत."

वाचकहो, माझ्यापुरती शिफारस अशी: खाँसाहेबांना ऐका आणि 'इंधन' वाचा. पटले नाही तर भांडायला जरूर या.