बरणी घालावी की न घालावी?

आगमनकाळ उंबरठ्यावर आला की आपल्या घरांत एक ओळखीची लगबग सुरू होते. काळी द्राक्षे किंवा मनुका धुतल्या जातात, चिनी मातीची बरणी उन्हात वाळते, साखर, यीस्ट आणि मूठभर गहू यांची जमवाजमव होते. एकवीस दिवसांनी मलमलीच्या फडक्यातून गाळलेला द्राक्षारस नाताळच्या पंगतीला येतो. काही घरांत त्यात दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल घालून तो मंद आचेवर ऊन करतात. हे केवळ परक्याचे अनुकरण आहे असे कोणी म्हणू नये. युरोपात अशा पेयाची परंपरा जुनी आहे. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळकथेच्या शेवटी कंजूष स्क्रूज आपल्या कारकुनाला ज्या वाफाळत्या पेयाचे आमंत्रण देतो, त्याचे नावच मुळी ‘बिशप’ आहे. पण आपल्या ईस्ट इंडियन घरांत लग्नकार्यात मसाले आणि गवती चहा घालून दिली जाणारी गरम खिमडही त्याच कुळातली. तेव्हा प्रश्न देशी-विदेशीचा नाही. तो निराळाच आहे, आणि तो मला एका भगिनीने विचारला.

काही वर्षांपूर्वी भिवंडीतील नारपोली येथे मी एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. बाहेर यंत्रमागांची अखंड खडखड चालली होती. कुटुंब मूळचे वसईकडचे. पती एका गोदामात हिशेब लिहिणारा. सासूबाईंनी माळ्यावरून बरणी काढून ठेवली होती. मला निरोप द्यायला सूनबाई जिन्यापर्यंत आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “फादर, ह्यांनी दारू सोडून अकरा महिने झाले. सासूबाई म्हणतात, चार पिढ्यांची रीत आहे, आणि उकळल्यावर नशा उडूनच जाते. तुम्हीच सांगा, बरणी घालू की नको?”

उत्तर चटकन देता आले नाही. द्राक्षारसाला पाप म्हणावे तर काना गावच्या लग्नातील सहा दगडी रांजण डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्या वस्तूला प्रभूने आपल्या वेदीवर स्थान दिले, तिला मूळचीच वाईट ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. संत पौलाने तर तिमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला होता. दुसरीकडे, ‘वस्तू चांगली, म्हणून तिचे सेवन सर्वत्र चांगले’ असे म्हणणे ही तर्कातील पळवाट आहे.

सेमिनरीत शिकलेले संत थॉमस अक्वायनस यांचे विवेचन मला त्या जिन्यात आठवले. ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात ते म्हणतात की मद्यपान स्वभावतः निषिद्ध नाही. परंतु परिस्थितीमुळे ते निषिद्ध होऊ शकते. पिणाऱ्याला ते सहज बाधत असेल, त्याने न पिण्याचे व्रत घेतले असेल, प्रमाणाची मर्यादा सुटत असेल, किंवा त्यामुळे दुसऱ्याला ठेच लागत असेल, तर तेच पेय अयोग्य ठरते. म्हणजे नीतीचा प्रश्न बरणीत काय आहे एवढ्यावर संपत नाही. बरणीभोवती कोण बसले आहे, हेही विचारावे लागते.

सासूबाईंच्या समजुतीचाही विचार केला पाहिजे, कारण ती अनेक घरांत आढळते. शुद्ध अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते हे खरे. पण पाण्यात मिसळलेले अल्कोहोल एकदम उडून जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार, पदार्थात मिसळलेले मद्य पंधरा मिनिटे मंद आचेवर शिजवले तरी त्यातील सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरते. अडीच तासांनंतरही सुमारे ५ टक्के राहते. मसाल्याचा द्राक्षारस तर उकळू न देता नुसताच ऊन करतात. ज्याने व्यसन सोडले आहे, त्याला पहिल्या पेल्यापासूनच दूर राहावे लागते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा अनुभव हेच सांगतो. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे आपल्या राज्यात गुन्हा आहे, याचाही आपल्याला सोयीस्कर विसर पडतो.

रीतीचे काय? चार पिढ्यांची रीत म्हणजे चार पिढ्यांचे प्रेम असते. तिची थट्टा करू नये. पण ख्रिस्तसभेने स्वतः काय केले ते पाहावे. मिस्साबलिदानात द्राक्षाचाच रस हवा, या नियमाला ती घट्ट धरून आहे. तरीही व्यसनातून सावरणाऱ्या धर्मगुरूला, धर्माध्यक्षांच्या परवानगीने, ‘मुस्तुम’ म्हणजे न आंबवलेला द्राक्षरस वापरण्याची मुभा तिने दिली आहे. २००३ साली श्रद्धाविषयक मंडळाने काढलेल्या पत्रात हे पुन्हा स्पष्ट केले आहे. जिथे वेदी एका दुर्बळ भावासाठी एवढी वाकते, तिथे आपल्या जेवणाच्या मेजाने ताठ राहावे, हे कोणत्या श्रद्धेत बसते?

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. नवऱ्याच्या नकळत बरणी लपवणे किंवा त्याला चोरासारखे सांभाळणे हाही एक अपमानच. म्हणून मी त्या भगिनीला म्हणालो, “निर्णय तुम्ही एकट्या घेऊ नका, आणि मीही देणार नाही. आज रात्री त्यांनाच विचारा.” त्यांनी विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला, असे त्यांनी मला पुढे सांगितले. मग आईकडे वळून म्हणाला, “आई, वास आला तरी माझे हात थरथरतात.” अकरा महिन्यांत हे वाक्य त्याने प्रथमच घरात उच्चारले होते. सासूबाईंनी काही न बोलता बरणी पुन्हा माळ्यावर ठेवली.

त्या नाताळात त्या घरी एक लिटर ताज्या काळ्या द्राक्षांचा रस गाळून, दालचिनीचा एक तुकडा, सहा लवंगा, आल्याची चकती व संत्र्याची साल घालून पंधरा मिनिटे मंद आचेवर ठेवला गेला. सुगंध तोच होता. मिस्सानंतर मी गेलो तेव्हा पेले त्यानेच भरले. शेजारच्या मुसलमान कुटुंबातील मुलेही दारात उभी होती. त्यांनाही निःशंकपणे देता आले.

यावरून प्रत्येक घराने बरणी फोडावी असा अर्थ कोणी काढू नये. ज्यांच्या घरी संयम आहे, त्यांनी आनंदात कृतज्ञता मिसळावी. मात्र पेला पुढे करण्यापूर्वी समोरच्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे. संत पौलाने रोमच्या बांधवांना हेच शिकवले होते: भावाला अडखळण होत असेल तर स्वतःच्या हक्काचा घासही बाजूला ठेवावा. ज्याला नाही म्हणता येते, त्याचेच हो खऱ्या अर्थाने मोकळे असते. नारपोलीची ती बरणी अजून माळ्यावरच आहे. तो मात्र दर नाताळात खाली, आपल्या माणसांत बसतो.